सातची देय तारीख, बाराचा पगार: वडगावातल्या एका घराच्या बिलांचं प्रकरण

बेळगावच्या वडगाव भागातल्या या घरात क्रेडिट कार्डाचं एकही बिल बुडालेलं नव्हतं. लेट फी लागली नव्हती, वसुलीचा फोन आला नव्हता, सिबिलचा, म्हणजे कर्जफेडीच्या पतीचा, आकडाही चांगला होता. तरी मार्च ते ऑगस्ट २०२५ या सहा महिन्यांत व्याज आणि त्यावरचा जीएसटी मिळून ₹५,९०० च्या आसपास रक्कम या घरातून गेली, आणि ती गेल्याचं घरात कुणाला माहीत नव्हतं. चैनीच्या खरेदीचं हे व्याज नव्हतं. वीज, गॅस, मोबाइल, औषधं, विम्याचा हप्ता आणि किराणा, म्हणजे जे एरवीही भरावंच लागतं त्याचं ते व्याज होतं.

मी लहान कारखान्यांचे आणि दुकानांचे हिशेब लिहितो, त्यामुळे ओळखीतल्या घरांचे कागदही माझ्या टेबलावर येतात. या घराची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि रकमा पूर्णांकात घेतल्या आहेत. घरातल्यांना इथे अण्णा, अक्का आणि मुलगा एवढंच म्हणतो.

घर आणि पैशाच्या तारखा

अण्णा उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये टर्नर आहेत. हातात ₹२७,००० येतात. सात तारखेच्या आत पगार द्यायचा असं कायदा म्हणतो, पण छोट्या वर्कशॉपला मोठ्या कंपनीकडून पैसे सुटल्याशिवाय कामगारांचे पगार सुटत नाहीत. त्यामुळे पगार दहाला, अकराला, बहुतेक वेळा बाराला होतो. काम मंदावलं की आणखी पुढे जातो. अक्का घरी ब्लाउज शिवतात, फॉल-पिको करतात. वडगाव-शहापूर हा साड्यांचा भाग, त्यामुळे काम कमी नाही, पण कमाई हंगामी. लग्नसराईत आठ हजार, आषाढात तीनसुद्धा नाहीत. राज्य सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे ₹२,००० येतात, पण ते ठरल्या तारखेला येतीलच असं धरून अक्का चालत नाहीत. सासूबाईंची औषधं दरमहा ₹२,३०० ची. मुलगा हुबळीला इंजिनिअरिंगला. आणि दारावर रोज पिग्मीवाला येतो, त्याला ₹५०.

पिग्मीबद्दल बाहेरच्या वाचकांसाठी एक वाक्य. रोज दारात येऊन थोडी थोडी रक्कम गोळा करणारी ही ठेव सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये उडुपीत सुरू केली आणि पुढे ती आमच्याकडच्या प्रत्येक सोसायटीने, म्हणजे पतसंस्थेने, उचलली. बेळगावात असं घर विरळा, जिथे एखादं तरी पिग्मीचं पासबुक नाही.

कार्ड येण्याआधी या घराची बिलं कशी भरली जायची हे पाहायला हवं, कारण पुढचा गोंधळ तिथूनच समजतो. वीज कंपनीचा, म्हणजे हेस्कॉमचा, माणूस मीटर बघून दारातच बिल फाडून द्यायचा. बिल कन्नडमधलं, अक्कांना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही, पण युनिटचा आकडा कुठे असतो ते पाठ. पगार झाला की अण्णा काउंटरला किंवा कर्नाटक वन या सरकारी सेवा केंद्रात रोख भरून यायचे. किराणा गल्लीतल्या दुकानातून वहीवर, हिशेब पगारानंतर. दुकानदाराला अण्णांचा पगार कधी होतो हे ठाऊक, तो बारा-तेरापर्यंत थांबायचा. घरातला सगळा खर्च पगाराच्या मागून चालायचा, पुढून नाही.

कार्ड कशासाठी आलं

नोव्हेंबर २०२४ मध्ये अण्णांच्या पगाराच्या खात्यावर एका खासगी बँकेने कार्ड देऊ केलं. मर्यादा ₹६०,०००. वार्षिक फी ₹४९९, जीएसटी धरून ₹५८९, पण वर्षाला लाखाचा खर्च झाला तर माफ. मुलाने हिशेब मांडला: घरखर्च तसाही होतोच, तो कार्डावरून केला तर फी माफ, वर पॉइंट, आणि पैसे पन्नास दिवसांनी द्यायचे. कागदावर यात चूक नाही. त्याने दिवाळीच्या सुट्टीतच वीज, ब्रॉडबँड, मोबाइल, गॅस आणि विमा कार्डाला जोडून टाकले. किराणा गल्लीच्या दुकानातून मार्टमध्ये गेला, कारण दुकानदाराकडे कार्डाचं मशीन नाही आणि त्याचा क्यूआर वैयक्तिक खात्याचा. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, पण त्यावरून व्यापाऱ्यालाच पैसे देता येतात, साध्या माणसाच्या खात्यात नाही.

अण्णांचा फोन बटणांचा, आणि शॉपफ्लोअरवर तो लॉकरमध्येच असतो. म्हणून कार्डाचे सगळे मेसेज मुलाच्या नंबरवर हुबळीला जायचे.

कार्डाचं स्टेटमेंट दर महिन्याच्या १८ तारखेला निघायचं आणि देय तारीख त्यानंतर वीस दिवसांनी, म्हणजे ७ किंवा ८ (फक्त फेब्रुवारीच्या स्टेटमेंटची १० मार्च). कार्ड घेताना ही तारीख कुणी विचारली नाही आणि कुणी सांगितलीही नाही. पहिले तीन-चार महिने बोनस आणि लग्नसराईची शिलाई हाताशी होती, त्यामुळे सातला पूर्ण रक्कम जात होती. मार्चमध्ये मुलाच्या मेसचे पैसे एकदम भरावे लागले आणि देय तारखेला खात्यात पुरेसे उरले नाहीत. वर्कशॉपमधल्या एकाने सल्ला दिला: मिनिमम, म्हणजे बिलावरची किमान रक्कम, भरा, लेट फी लागत नाही, बाकी पगार झाल्यावर टाका. सल्ला खोटा नव्हता, अर्धा होता. मार्चपासून दर महिन्याला हेच चालू राहिलं. सातला पाच टक्के, बाराला उरलेलं सगळं.

"बिल तर वेळेवर भरूलोय की आम्ही, मग व्याज कसलं?" सप्टेंबरमध्ये माझ्यासमोर स्टेटमेंटची चळत ठेवून अण्णांनी विचारलं. चळत आणायचं कारणही व्याज नव्हतं. मुलाला शिक्षणकर्ज हवं होतं आणि त्यासाठी मी घरखर्चाचा तक्ता मागितला होता.

पाच दिवसांचं व्याज किती

अण्णांची समजूत अशी: सातला द्यायचे ते बाराला दिले, म्हणजे पाच दिवस उशीर, म्हणजे पाच दिवसांचं व्याज. शंभरेक रुपये होतील, तेवढे गेले तर गेले. कुठल्याही सोसायटीच्या कर्जात ही समजूत बरोबर ठरली असती. क्रेडिट कार्डात ती चुकते. व्याजमुक्त मुदत ही पूर्ण रक्कम देय तारखेपर्यंत भरणाऱ्यालाच मिळते. एक रुपया जरी मागे राहिला तरी ती मुदत अख्खी रद्द होते आणि व्याज प्रत्येक खरेदीच्या दिवसापासून मोजलं जातं. शिवाय जुनी बाकी पूर्ण फिटेपर्यंत नव्या खरेदीलाही एक दिवसाची सवलत नसते.

ऑगस्टचं स्टेटमेंट मी त्यांच्यासमोर उलगडलं. हिशेब सोपा राहावा म्हणून आधीच्या महिन्याचं व्याज बाजूला ठेवलं, तर एकूण रक्कम ₹१५,२००. त्यात २१ जुलैचा मार्टमधला किराणा ₹५,४००, २५ जुलैचे मोबाइल आणि ब्रॉडबँड ₹१,६००, १ ऑगस्टची औषधं ₹२,३००, ५ ऑगस्टचा विम्याचा तिमाही हप्ता ₹३,९००, १० ऑगस्टचा गॅस ₹९०० आणि १४ ऑगस्टला वीज-पाणी ₹१,१००. देय तारीख ७ सप्टेंबर. त्या वर्षी अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला होती आणि बेळगावची विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, त्यामुळे सातला घरात पैशाची काय अवस्था असणार ते सांगायला नको. सातला मिनिमम ₹७६० भरले, १२ सप्टेंबरला उरलेले ₹१४,४४०.

सोसायटीत काम केलेल्यांना प्रॉडक्ट काढणं माहीत असतं: रक्कम गुणिले दिवस. किराण्याचे ₹५,४०० सात सप्टेंबरपर्यंत ४८ दिवस, म्हणजे २,५९,२००. मोबाइल-ब्रॉडबँड ४४ दिवस, औषधं ३७, विमा ३३, गॅस २८, वीज-पाणी २४. सगळ्यांचे प्रॉडक्ट मिळून ५,९५,०००. त्यात सातनंतरच्या पाच दिवसांचे, म्हणजे १४,४४० गुणिले ५, हे ७२,२०० मिळवले की ६,६७,२००. कार्डाचा दर महिन्याला ३.७५ टक्के, वर्षाला ४५. त्या दराने व्याज होतं ₹८२३. त्यावर १८ टक्के जीएसटी ₹१४८. एकूण ₹९७१.

अण्णांच्या समजुतीप्रमाणे नुसत्या पाच दिवसांचं व्याज जीएसटीसकट ₹१०५ झालं असतं. म्हणजे जे ₹९७१ गेले त्यातले ₹८६६ हे उशिराच्या पाच दिवसांचे नव्हतेच. ते त्याआधीच्या दिवसांचे होते, जे दिवस पूर्ण पैसे भरणाऱ्याला फुकट मिळतात. यात १९ ऑगस्टनंतरच्या नव्या खरेदीवरचे आणखी शे-दीडशे रुपये धरले की महिना ₹१,१०० च्या घरात जातो.

अक्का तोवर गप्प होत्या. त्यांनी माझ्याकडून कॅल्क्युलेटर घेऊन ₹१,१०० ला तीसने भागलं. छत्तीस रुपये सहासष्ट पैसे. पिग्मीवाला रोज ₹५० गोळा करून नेत होता, त्यावर सोसायटी तीन-साडेतीन टक्के देत होती, आणि त्याच घरातून कार्डाला रोज ₹३६ जात होते. हा हिशेब अक्कांचा आहे, माझा नाही, आणि या प्रकरणातला सगळ्यात नेमका हिशेब तोच.

अण्णांचा पुढचा प्रश्न स्वाभाविक होता, इतकं व्याज कायद्यात बसतं का. बसतं. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये कार्डावरचं व्याज ३० टक्क्यांच्या वर नको असा निर्णय दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो रद्द केला. आता दर बँकेने ठरवायचा आणि ग्राहकाला आधी सांगायचा. सांगितला होता का? होता. मिनिममच भरत राहिलात तर परतफेड लांबत जाईल हा इशाराही रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे प्रत्येक स्टेटमेंटवर होता, बारीक इंग्रजीत. अटी शक्यतो इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत असाव्यात असंही तो नियम म्हणतो. बेळगावात कागदोपत्री स्थानिक भाषा कोणती हे इथल्या वाचकाला वेगळं सांगायला नको. पण या घरात अडचण भाषेची कमी होती. मुलाला इंग्रजी उत्तम येतं. तो फक्त एकूण देय रकमेचा आकडा वडिलांना कळवत होता आणि त्या आकड्यात 'फायनान्स चार्जेस', म्हणजे व्याज, मिसळून आलेले असत.

एक गैरसमज इथे वेगळा काढतो, कारण तो शिकलेल्या लोकांतही आहे. देय तारीख उलटून तीन दिवसांपेक्षा जास्त गेल्याशिवाय लेट फी लावायची नाही आणि सिबिलला थकबाकी कळवायची नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो २०२२ च्या कार्डविषयक निर्देशांमधून आला. ही सवड लेट फीची आणि सिबिलची. व्याजमुक्त मुदत तीन दिवसांनी वाढते असं त्यातून धरू नये.

फुकट विजेची रेघ

व्याज हे या प्रकरणातलं मोठं नुकसान, पण मला जास्त खटकलं ते वीज बिल.

कर्नाटकात २०२३ पासून गृहज्योती योजना आहे. २०२२-२३ या वर्षातला सरासरी मासिक वापर घ्यायचा, त्यावर दहा टक्के वाढ द्यायची, तेवढे युनिट माफ. वापर त्या हक्काच्या वर पण दोनशेच्या आत असेल तर वरच्या युनिटांचेच पैसे. दोनशेच्या वर गेला तर मात्र त्या महिन्याचं पूर्ण बिल. या घराची सरासरी ११८ युनिट, म्हणजे हक्क साधारण १३० चा.

मार्चमध्ये अक्कांनी शिलाई मशीनला मोटार बसवली आणि नात्यातल्या एकाकडून जुना फ्रीज आला. एप्रिलमध्ये २०८ युनिट झाले, मे महिन्यात २११. दोन्ही महिन्यांत बिल सतराशेच्या घरात गेलं. १९५ वर थांबलं असतं तर फक्त ६५ युनिटांचे पैसे पडले असते. आठ-दहा युनिटांनी प्रत्येक महिन्याला हजारभर रुपये नेले, आणि घरात कुणाला पत्ता नाही, कारण बिल कार्डावरून आपोआप भरलं जात होतं. असं आपोआप पैसे जाण्याआधी किमान चोवीस तास सूचना यावी लागते आणि ₹१५,००० पर्यंत ओटीपी लागत नाही. सूचना आली होती, हुबळीला. परीक्षेच्या दिवसांत मुलाने ती पाहिली की नाही हे त्यालाही आठवत नाही.

पूर्वी अण्णा काउंटरवर नोटा मोजून द्यायचे तेव्हा बिल सतराशेचं आलं असतं तर त्याच संध्याकाळी घरात फ्रीजची चर्चा झाली असती. जूनमध्ये पावसाने हवा थंडावली, वापर दोनशेच्या खाली आला, आणि ही गोष्ट आपोआप मिटली म्हणून तर सप्टेंबरपर्यंत लपून राहिली. माझ्या मते घरगुती बिलांपैकी ज्याची रक्कम आपल्या वागण्यावर हलते ते बिल आपोआप भरायला लावूच नये, मग कार्ड असो वा खातं. ब्रॉडबँडची गोष्ट वेगळी. तो आकडा महिनोन्महिने तोच असतो.

पॉइंटांचं काय झालं हेही विचारायला हवं. वीज, विमा यांसारख्या भरण्यावर या कार्डाला पॉइंट नव्हतेच. उरलेल्या खर्चावर महिन्याला वीस-पंचवीस रुपयांचे पॉइंट जमत. वर, ज्या ॲपवरून वीज बिल जायचं ते कार्डाने भरल्याबद्दल वेगळा आकार घ्यायचं. २०२४ मध्ये काही बँकांनी अशा बिलांवर ठरावीक मर्यादेपुढे एक टक्का शुल्क सुरू केलं. येस बँकेने ₹१५,००० च्या पुढे, आयडीएफसी फर्स्टने ₹२०,००० च्या, एसबीआय कार्डाने ₹५०,००० च्या. या घराचा त्याच्याशी संबंध नाही, पण कारखान्याचं वीज बिल स्वतःच्या कार्डावर टाकणारे उद्यमबागेत पुष्कळ आहेत, त्यांनी आपली मर्यादा पाहून घ्यावी.

थोडक्यात ₹५८९ ची फी वाचवायला निघालेल्या घराने सहा महिन्यांत त्याच्या दहापट व्याज भरलं.

बाहेर पडताना

बँकेने मध्यंतरी बाकीचे हप्ते पाडून द्यायची तयारी दाखवली होती, सोळा टक्क्यांनी, प्रक्रिया शुल्क वेगळं. अण्णांचा कल तिकडे होता. पंचेचाळीसपेक्षा सोळा कमी हे खरंच, पण त्याने देय तारीख सातचीच राहिली असती आणि पुढच्या महिन्यात नव्या बिलांवर तोच खेळ सुरू झाला असता. एकदा कधीतरी पूर्ण बाकी शून्यावर आणणं आणि नंतर तारीख पगाराच्या मागे नेणं, या दोन गोष्टींवाचून सुटका नव्हती.

शून्यावर आणायला पैसे कुठून? पिग्मीत ₹१५,००० च्या जवळपास जमले होते. मी सांगितलं, पिग्मी मोडा. मुदतीआधी मोडल्याबद्दल कमिशन कापलं जाईल, थोडं व्याज बुडेल, तरी स्वस्त पडेल. अक्कांनी साफ नकार दिला. "पिग्मी मोडली की परत सुरू होत नाही. माझ्या जावेचं बघितलंय मी." शेवटी पिग्मीच्या तारणावर सोसायटीतून ₹१२,००० चं कर्ज काढलं, १३ टक्क्यांनी, दरमहा ₹३,००० मुद्दल फेडीचं. चार महिन्यांत व्याज साधारण सव्वातीनशे रुपये. पिग्मी मोडण्यापेक्षा हे थोडं महागच. तरी आज मला वाटतं अक्कांचं बरोबर होतं. रोजचे ₹५० बाजूला निघण्याची सवय त्या फरकापेक्षा किमती होती, आणि ती सवय कागदावरच्या हिशेबात कुठे धरता येत नाही.

१८ सप्टेंबरच्या स्टेटमेंटची रक्कम व्याजासकट ₹१५,९०० होती. कर्जाचे ₹१२,००० आणि शिलाईचे ₹३,९०० घालून २४ सप्टेंबरला सगळं भरलं. नवी खरेदी तोवर बंद, कार्ड अक्कांच्या कपाटात. तरीही पुढच्या स्टेटमेंटमध्ये ₹१३० व्याज आलंच आणि अण्णा भडकले. ते १९ ते २४ सप्टेंबर या दिवसांचं होतं. स्टेटमेंट निघाल्यापासून पैसे पोचेपर्यंतचं व्याज नेहमी पुढच्या महिन्यात दिसतं. ते भरलं आणि त्यानंतर ती ओळ कोरी झाली.

तारखेसाठी मुलाने आधी ॲपमध्ये शोधलं, सापडलं नाही. ग्राहक सेवेच्या फोनवर सांगितलं गेलं की तारीख बदलता येत नाही. हे खरं नाही. बिलाचं चक्र किमान एकदा तरी बदलून घेण्याचा पर्याय ग्राहकाला द्यावाच लागतो, हे रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांतच आहे. त्या नियमाचा उल्लेख करून ईमेल गेला आणि स्टेटमेंटची तारीख १८ वरून २७ झाली. देय तारीख आता १६ किंवा १७ ला येते. पगाराच्या खात्यातून पूर्ण देय रक्कम आपोआप वळती करण्याची सूचनाही दिली. इथे अर्जावर दोन चौकोन असतात, पूर्ण रक्कम आणि मिनिमम. पूर्ण रकमेवरच खूण आहे ना हे दोनदा बघावं. मेसेजसाठी अक्कांचा नंबर जोडला, कारण घरात मेसेज वाचणाऱ्या त्याच.

भरलेलं व्याज परत मागावं का, हा प्रश्न मुलाने धरून ठेवला. बँकेकडे लेखी तक्रार, तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, हा रस्ता २०२१ च्या एकात्मिक योजनेने सोपा केला आणि त्याला शुल्क नाही. पण माझं मत मी स्पष्ट सांगितलं. व्याजाच्या बाबतीत बँकेने नियम मोडलेला नाही, त्यामुळे तक्रार टिकायची नाही. विनंती करायला हरकत नाही. विनंती केली, बँकेने एका महिन्याचं व्याज सद्भावना म्हणून परत केलं, आणि पुढे काही द्यायला नकार दिला.

आता कार्डावर काय उरलं

वीज कार्डावरून काढली. अक्का बिलावरचा युनिटचा आकडा कॅलेंडरवर लिहितात आणि यूपीआयने खात्यातून भरतात. विम्याचा हप्ता खात्यातून जातो. किराणा निम्मा गल्लीच्या दुकानात परत आला, वहीवर. मार्टमध्ये तेल-डाळ चार पैसे स्वस्त हे खरं, पण दुकानदाराची उधारी बिनव्याजी आहे आणि तो पगाराची वाट पाहतो. कार्डावर राहिले मोबाइल, ब्रॉडबँड, गॅस आणि औषधं, महिन्याला पाच हजारांच्या आसपास. लाखाची अट यात कधी पुरी होणार नाही, म्हणजे पुढच्या वर्षी ₹५८९ लागणार.

डिसेंबरमध्ये या नव्या व्यवस्थेची परीक्षा झाली. वर्कशॉपचा पगार १८ ला झाला, देय तारीख १७, रक्कम ₹५,३००, खात्यात ₹३,१००. पूर्ण रक्कम नसती तर वळती नामंजूर झाली असती, दोन्हीकडचे दंड लागले असते आणि व्याज पुन्हा सुरू झालं असतं. मेसेज अक्कांच्या फोनवर आला होता. तुळशीचं लग्न झाल्यापासून ब्लाउजांचं काम होतं, त्यातले ₹२,५०० त्यांनी आदल्या दिवशी खात्यात भरले. रक्कम पाच हजारांची होती म्हणून हे जमलं. ऑगस्टसारखी पंधरा हजारांची असती तर जमलं नसतं.

पिग्मीवरच्या कर्जाचा शेवटचा हप्ता जानेवारीत आहे. त्यानंतर कार्ड ठेवायचं की नाही यावर घरात एकमत नाही. मुलाला ते हुबळीत अडीअडचणीसाठी हवंय, अक्कांना नकोय, आणि अण्णा म्हणतात, फी लागायच्या आधी काय ते ठरवा. बंद करायचंच ठरलं तर बाकी शून्य करून लेखी अर्ज द्यायचा. बाकी नसेल तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायला हवं, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाचे ₹५०० बँकेने ग्राहकाला द्यायचे. अर्जाचा मसुदा मी करून ठेवला आहे, तारीख घालायची राहिली आहे.